झिरो माईल : मोजणारे आणि चालणारे

नागपुरात झिरो माईलचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. विधान भवनापासून जवळ, सीताबर्डीच्या टेकडीच्या आसपास, वालुकाश्माचा एक खांब आणि चार घोडे. हा झिरो नेमका कशाचा, याचं उत्तर मात्र विचाराल त्याप्रमाणे बदलतं. माझ्या शेजारचे गृहस्थ भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर त्यांनी लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या आणि त्यापायी लोकांचे शिव्याशाप खाल्ले. त्यांची भाची वार्ताहर आहे, डिसेंबरात अधिवेशन आलं की मोर्च्यांच्या मागे असते. या चौकावरून दोघांचं भांडण जुनं आहे, आणि मी त्याचा कायमचा श्रोता. खाली त्यातलं एक. नावं गाळली आहेत; मध्ये तोंड घालायची माझी सवय मात्र गाळलेली नाही.

मामा : आधी एक मिटवून टाकू. तो खांब म्हणजे भारताचा मध्यबिंदू नाही. ऑटोवाले सांगतात, पाहुण्यांना नेणारे सांगतात, तुमचे पेपरवालेही छापून राहिले.

भाची : छापतो. लोकांना आवडतं.

मामा : आवडतं म्हणून खरं होते काय? खांबाजवळच्या दगडावर काय कोरलंय ते वाच. जी. टी. एस. स्टँडर्ड बेंच मार्क, १९०७. आता १९०७ चा हिंदुस्थान डोळ्यांपुढे आण. तिकडे कराची आणि क्वेट्टा, इकडे रंगून. ब्रह्मदेश १९३७ मध्ये वेगळा झाला, दहा वर्षांनी फाळणी. त्या नकाशाचा मध्य आणि आजच्या नकाशाचा मध्य एकाच खांबाखाली कसा येईल? आज तो मान मध्य प्रदेशातलं करौंदी गाव सांगते, कटनी जिल्ह्यातलं. सांगू दे बिचारं.

भाची : मग तुमचा दगड आहे तरी कशाचा?

मामा : उंचीचा. खांबाचा माथा समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. मीटरमध्ये ३११ ला जरासा कमी. ते शेवटचं १७१ पाहा. फुटाचा हजारावा हिस्सा म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भागही पुरता नाही. समुद्र इथून शेकडो मैल. कराची, मुंबई, मद्रास अशा बंदरांत वर्षानुवर्षं भरती-ओहोटी नोंदली, तिची सरासरी काढली, आणि तिथून दुर्बीण आणि पट्टी घेऊन माणसं निघाली. मागची पट्टी वाचायची, पुढची वाचायची, फरक लिहायचा, दुर्बीण उचलून पुढे जायचं. नदी, जंगल, ऊन, ताप. सगळं करून नागपुरात पोहोचले तेव्हा हा आकडा हाती आला. रेल्वेचा चढ, कालव्याचा उतार, धरणाची भिंत, सगळ्यांना असा पक्का आकडा लागतो. याच्यापुढे तुझा मध्यबिंदू म्हणजे पोरखेळ.

(दगडावरच्या त्या जी. टी. एस.मागचा एक माणूस विदर्भातच राहून गेला, ते इथे सांगायला हवं. ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे सुरू करणारा विल्यम लॅम्टन हैदराबादहून नागपूरला येत होता. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने पहिली आधाररेषा मोजली आणि वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत राहिला. जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेलं आणि एव्हरेस्टचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. हिंगणघाटच्या वाटेने रोज जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ही कबर ठाऊक असेल? झिरो माईलसमोर सेल्फी काढायला मात्र गर्दी.)

भाची : मामा, उंची तुमची. मी त्या खांबाभोवती फिरते तेव्हा गावांची नावं वाचते. हैदराबाद ३१८ मैल. रायपूर १७४. जबलपूर १७०. बैतूल १०१, छिंदवाडा ८३, सिवनी ७९. कवठा ६२. शिवाय चांदा. यात काय नाही ते सांगा.

मामा : मुंबई नाही.

भाची : मुंबई नाही, दिल्ली नाही, कलकत्ता नाही. तेव्हा देशाची राजधानी कलकत्ता होती. सगळ्या देशाची अंतरं इथून मोजत होते म्हणतात, मग कलकत्त्याचं अंतर कोरायला दगड कमी पडला काय?

मामा : शाबास. आता बोललीस. हा मध्य प्रांताचा दगड आहे. १८६१ मध्ये इंग्रजांनी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस केला, राजधानी नागपूर. रायपूर, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा, सगळे त्याच प्रांताचे जिल्हे. इथून डाक निघायची, हुकूम निघायचे, फौज निघायची. कुठल्या जिल्ह्याच्या ठाण्याला किती मैल, त्याचा हा हिशेब.

भाची : म्हणजे राज्यकर्त्यांचा दगड. हुकूम किती दूर पोहोचवायचा, ते मोजणारा.

मामा : तुझं झालं सुरू.

भाची : मग ते गेले कुठे, ते जिल्हे? १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर राजधानी उरलं नाही. जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल, रायपूर नव्या मध्य प्रदेशात. रायपूर पुन्हा २००० मध्ये छत्तीसगडात. या यादीतला एक चांदाच तेवढा आपल्यासोबत मुंबईकडे आला. फजल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य करा म्हणून लिहून दिलं होतं, तेही झालं नाही. आपल्या हाती राहिला नागपूर करार, २८ सप्टेंबर १९५३ चा. वर्षातून एक अधिवेशन नागपुरात. म्हणून १९६० पासून डिसेंबरात सरकार इथे येते. संत्री खाते, हुरडा खाते, सावजी खाते आणि जाते.

मामा : कामही करते.

भाची : थोडं करते. पण तेवढ्या दिवसांसाठी गडचिरोलीचा माणूस, मेळघाटचा माणूस, कधी कोकणातला माणूससुद्धा एसटीत, रेल्वेत बसून इथे येतो. त्याला मुंबई परवडत नाही, नागपूर परवडते. त्याच्यासाठी हा चौक म्हणजे सरकारच्या दारातली शेवटची जागा. तुमचे मैल बाहेर जाणारे आहेत मामा. त्याचे आत येणारे.

इथे मामा चिडले. मला ते अपेक्षितच होतं, कारण त्यांचा राग चौकावर नव्हताच, डिसेंबरवर होता.

मामा : आत येणारे! मोर्चाच्या दिवशी बर्डीत पाय टाकून पाहा. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला कठडे, टेकडी रोडला कठडे, एलआयसी चौकात कठडे. मेयोत पेशंट नेणारी अँब्युलन्स भोंगा वाजवत उभी. दुकानदार शटर अर्धं ओढून बसलेले. आणि खांबाची काय दशा होते? त्याच्या आडोशाला लोक काय करतात ते तुझ्या पेपरात कधी आलं नाही. घोड्यांचे रंग उडाले, प्लास्टर पडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला लक्ष घालावं लागलं, तेव्हा कुठे हालचाल झाली. लंडनला चेरिंग क्रॉसला राजाचा पुतळा आहे, तिथून लंडनची अंतरं मोजतात. पॅरिसला नोत्र दामच्या चौकात जमिनीत चकती बसवली आहे. तिथे कुणी असं करते काय?

भाची : पॅरिसवाल्यांनी काय काय केलं ते राहू द्या. राजाच उलथवला त्यांनी.

मामा : मी जागेबद्दल सांगून राहिलो. मोर्चाला मैदान द्या. मोठं, मोकळं, पाण्याची सोय, संडासाची सोय. तिथे बसा, भाषणं करा. मुंबईत आझाद मैदान आहे, तसं. वारसा आहे तो वारसा म्हणून राहू द्या आणि रस्ता रस्ता म्हणून.

भाची : मैदान आहेच ना. यशवंत स्टेडियम आहे, तिथे डिसेंबरात मंडप पडतातच. संविधान चौकातही बसतात लोक. पण मैदानात बसलेल्याचं सरकारला ऐकू जात नाही. दिल्लीत हेच झालं. जंतरमंतरवर धरणं धरायचे, २०१७ मध्ये हरित लवादाने बंद केलं, रामलीला मैदानावर जा म्हणून सांगितलं. लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१८ मध्ये न्यायालय म्हणालं, सरसकट बंदी चालणार नाही, नियम करा आणि जागा द्या. संसदेच्या जवळच. आणि मामा, जंतरमंतर काय आहे? तेही मोजायचंच ठिकाण. सवाई जयसिंगाने आकाश मोजायला बांधलेलं. तुमच्या खात्यातलंच म्हणा ना.

मामा हसले. वादात ते फार क्वचित हसतात. पण सवाई जयसिंगाला भूमी अभिलेखमध्ये नेमणूक मिळालेली त्यांना पसंत पडली असावी.

भाची : आणि चालत येण्याचा हा वाद डिसेंबरचा नाही. शंभर वर्षांचा आहे. नकाशा तुम्हीच काढून दाखवला होता मला. भोसल्यांचं नागपूर पूर्वेला, महाल, इतवारी, शुक्रवारी. इंग्रजांची रेसिडेन्सी सीताबर्डीच्या टेकड्यांच्या पश्चिमेला. मधल्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला लढाई झाली, आप्पासाहेब भोसले हरले, टेकडीवर किल्ला झाला. तेव्हापासून शहर इकडे आणि साहेब तिकडे.

मामा : सिव्हिल लाइन्स. हो.

भाची : १९२३ चा झेंडा सत्याग्रह कशासाठी होता? झेंडा हाती घेऊन शहरातून सिव्हिल लाइन्सकडे जायचं, एवढंच. महालात झेंडा मिरवला असता तर साहेबाला फारसा त्रास नव्हता. सिव्हिल लाइन्समध्ये नको होता. जमावबंदीचा हुकूम काढला. १ मेपासून रोज तुकडी निघायची, रोज पकडली जायची. जमनालाल बजाजांना पकडलं, मग वल्लभभाई आले. देशभरातून स्वयंसेवक येत राहिले, तुरुंग भरत राहिले. शेवटी १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह त्या भागातून गेली आणि सत्याग्रह संपला. साडेतीन महिने. कशासाठी? एका रस्त्यावरून चालण्यासाठी.

मामा : ते परकीय सरकार होतं.

भाची : कठडा आताही तिथेच आहे.

हे वाक्य मला जरा जास्त वाटलं आणि मी तसं बोललोही. १९२३ च्या हुकुमामागे झेंड्याचीच भीती होती. आजच्या बंदोबस्तामागे गर्दीची काळजीही असते, आणि ती खोटी नसते. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मग ती ज्या विषयावर आली तिथे यायला तिला एरवीही फार वेळ लागत नाही.

भाची : काळजी म्हणताय तर २३ नोव्हेंबर १९९४ घ्या. गोवारी समाजाचा मोर्चा. गुरं राखणारी माणसं, अनुसूचित जमातीची मागणी घेऊन आलेली. बायका, कडेवर पोरं. हजारोंनी. सरकार आत होतं, कठडे बाहेर होते. दिवसभर थांबले. निवेदन घ्यायला कुणी मंत्री आला नाही, ही त्यांची तक्रार आजही आहे. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. आज तुमच्या खांबाच्या शेजारीच स्मारक आहे, बर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे, आणि दर २३ नोव्हेंबरला लोक गावोगावहून येतात. सेल्फीवाले तिकडे वळत नाहीत.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत त्यांच्याकडून ऐकलेलं नव्हतं.

मामा : मला सांगायचंय ते हेच आहे, फक्त तू ऐकत नाहीस. गर्दी म्हणजे क्षेत्रफळ असते. एका चौरस मीटरमध्ये दोन माणसं असली तर चालता येते. चार झाली तर उभं राहता येते, खेटून. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या पायाने हलत नाही, रेटा नेईल तिकडे जातो. मोर्चा येतो रुंद रस्त्यावरून आणि अडवतात कुठे? तोंडाशी, जिथे कठडे लावणं सोपं पडते. पुढे कठडा, बाजूला भिंत किंवा जाळी, मागून लोक येतच आहेत. कुणीतरी जागा मोजली होती काय? किती माणसं मावतात, बाहेर पडायची वाट किती फुटांची, हे कागदावर होतं काय? नसेल तर ते मरण मोजणी न केल्याचं आहे.

भाची : आणि पुढच्याचं ओरडणं मागच्याला ऐकू जात नाही.

मामा : जातच नाही. मागचा समजतो, पुढे सरकून राहिले. पुढचा छातीवर दाबला जातो. अशा ठिकाणी लोक तुडवून कमी मरतात, उभ्याउभ्या श्वास कोंडून जास्त मरतात. म्हणून सांगतो, मोकळ्या मैदानात न्या.

भाची : मी म्हणते, दार उघडा. दुपारी दोन वाजता एक मंत्री बाहेर येऊन निवेदन घेऊन गेला असता, तर संध्याकाळी किती माणसं उरली असती त्या चौरस मीटरमध्ये? हेही मोजा की.

माझ्या मते या सगळ्या वादात सर्वांत वजनदार गोष्ट ही होती, आणि ती दोघांनी मिळून सांगितली. गर्दीला जागा लागते आणि गर्दीला उत्तर लागतं. जागा पोलीस देऊ शकतात. उत्तर पोलिसांकडे नसतं. ते आत बसलेल्यांकडे असतं. आपल्याकडे जागेच्या बैठका होतात, पूर्वतयारी होते, मार्गांचे नकाशे निघतात. उत्तर किती वाजता मिळेल, याचं वेळापत्रक काढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मागणीचं पुढे काय झालं, तेही इथे थोडक्यात येऊ दे. १९९५ मध्ये गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घातलं. जमातीचा प्रश्न न्यायालयात गेला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी नागपूर खंडपीठाने गोवारी हे आदिवासी आहेत असा निकाल दिला, गावांत गुलाल उधळला गेला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. म्हणजे ११४ जीव ज्या मागणीसाठी गेले ती आजही स्मारकाच्या पायरीवरच आहे.

मामा : ठीक आहे. पण सगळेच मोर्चे काही गोवारींचे नसतात. तू दरवर्षी लिहितेस, विराट मोर्चा, लाखोंचा जनसागर. मी तो रस्ता पायांनी मोजला आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले चार. लाख माणूस तिथे मावत नाही बाई. आयोजक सांगतो लाख, पोलीस सांगतात दहा हजार, आणि तू मधला आकडा छापतेस.

भाची : मधला छापते, हे खरं.

मामा : आणि त्यातले अर्धे गाडी आणि डबा मिळाला म्हणून आलेले असतात.

भाची : असतात. पण अंगणवाडीच्या बायका डब्यासाठी येत नाहीत. विनाअनुदानित शाळेतला मास्तर, दहा-दहा वर्षं पगाराविना शिकवणारा, तो डब्यासाठी येत नाही. धान-कापसाच्या भावासाठी येणारा माणूस स्वतःची भाकर बांधून आणतो. तुम्ही डब्यावाले मोजता, मी भाकरीवाले मोजते.

मामा : २०२० आणि २०२१ ला करोनामुळे अधिवेशन मुंबईत झालं. दोन हिवाळे एक कठडा नाही. रस्ते कसे मोकळे होते. मी रोज सकाळी चालत खांबापर्यंत जायचो. एकविसाच्या ऑगस्टात मेट्रोचं स्टेशनही सुरू झालं, झिरो माईल फ्रीडम पार्क. बसायला जागा झाली.

भाची : आणि काय वाटलं?

मामा : बरं वाटलं. ... पहिल्या वर्षी.

भाची : दुसऱ्या वर्षी?

मामा : दुसऱ्या वर्षी बर्डीतले लोक विचारून राहिले, अधिवेशन गेलं तर परत येईल काय म्हणून. करारात लिहिलेलं एकदा मोडलं की मोडतच जाते. चहावाला विचारत होता, लॉजवाला विचारत होता. वकीलही विचारत होते.

भाची : म्हणजे कठडेच हवे होते सगळ्यांना.

मामा : कठडे नव्हते हवे. सरकार हवं होतं. सरकार आलं की कठडे येतात, त्याला मी काय करू?

माणूस भूमी अभिलेखचा. सरकार आणि कठडा या दोन गोष्टी वेगळ्या मोजता येतात, हे मान्य करायला त्याला वेळ लागणारच. पण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. राजधानी गेलेल्या शहराला मोर्चांचा त्रास होतो आणि मोर्चे आले नाहीत तर त्याहून जास्त होतो. वर्षातले थोडे दिवस का होईना, लोक ज्या गावाला दाद मागायला येतात त्या गावाला अजून कुणीतरी आपलं ठाणं मानतं.

या टापूत हा एकच चौक नाही, हेही लक्षात घ्यावं. थोडं पुढे गेलं की रिझर्व्ह बँकेसमोरचा संविधान चौक, बाबासाहेबांचा पुतळा. १४ एप्रिल, २६ नोव्हेंबर, ६ डिसेंबर या दिवशी तिथे उभं राहायला जागा मिळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ओबीसी महासंघाचं उपोषण तिथेच चाललं. त्याला लागून कस्तुरचंद पार्क. बिकानेरच्या डागा पेढीचे सर कस्तुरचंद यांच्या नावाचं हे मैदान. मध्ये देखणी छत्री, २६ जानेवारीचं संचलन, दसऱ्याला रावण, आणि निवडणूक आली की जाहीर सभा. २०१९ च्या सुरुवातीला तिथे खोदकाम चालू असताना जुन्या तोफा निघाल्या. सभांना येणाऱ्या कित्येक पिढ्या त्या तोफांवर पाय ठेवून टाळ्या वाजवून गेल्या. मामांना हे मैदान पसंत आहे, कारण त्याला कुंपण आहे. भाचीला ते सभेपुरतं पसंत आहे, मोर्चासाठी नाही. सभेत नेता बोलतो आणि लोक ऐकतात. मोर्चात उलटं व्हावं अशी तिची अपेक्षा.

भाची : एक करू. खांबाजवळ नवी पाटी लावायची म्हणतात ना, मध्यबिंदूचा खोटा मजकूर काढून. तुम्ही मजकूर लिहा. उंची लिहा, लॅम्टन लिहा, हिंगणघाट लिहा, हवं तितकं. त्याखाली तीन ओळी माझ्या. १९२३, १९९४, आणि अधिवेशन इथे का भरते ते.

मामा : तीनच. आणि आकडे मी तपासणार.

भाची : तपासा. ११४ मध्ये फरक पडणार नाही.

मामा : आणि मोर्चाचं?

भाची : तुमचं मैदान मला मान्य, पण विधान भवन दिसेल अशा अंतरावर. जागा तुम्ही आखा. किती माणसं, किती वाटा, किती नळ. चौरस मीटरला दोनच्या वर नको.

मामा : मग कठड्याजवळ वेळही लिहा. निवेदन घ्यायला मंत्री किती वाजता येणार, मोठ्या अक्षरात.

भाची : आणि नाही आले तर?

मामा : तर नोंद करायची. कुठला मोर्चा, किती वाजता पोहोचला, किती वेळ उभा राहिला, कोण भेटायला आलं. पंचवीस वर्षांच्या नोंदी झाल्या की कुणाचं कुठे अडते ते आपोआप दिसते. अशाच नोंदींवर समुद्राची सरासरी निघाली होती.

भाची : पंचवीस वर्षं कोण लिहीत बसणार?

मामा : या डिसेंबरात मी बसतो. टी-पॉइंटजवळ खुर्ची लागेल, आणि पोलिसांना सांगून ठेव, म्हातारा मोर्चातला नाही म्हणून.

भाची : खुर्ची देते. पोलिसांना तसं सांगणार नाही.